बाटली आडवी करायची असेल तर टोळ्या गावात असताना करा



पोळा झाला. सोयाबीनच्या शेंगा भरत आल्यात, कापसाला बोंडं धरलीत. बोंडअळीबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय, त्याचं पुढच्या नोंदीत सविस्तर लिहितो. आज विषय दारूचा घेतोय. म्हणाल शेतीच्या पानावर दारू कशाला? तर कारण असं की ह्या विषयाला हंगाम आहे. पेरणीसारखाच. वाफसा निघून गेला की बी टाकून उपयोग नाही, तसंच हे. अन् तो हंगाम आता संपत आलाय.

आमच्या गावातल्या बचत गटाच्या बायांनी देशी दारूच्या दुकानाविरुद्ध सह्या गोळा करायचं काढलंय. मागच्या आठवड्यात देवळापुढं बसून बोलणं झालं. एक वहिनी म्हणाल्या, "नाना, गौरी-गणपती झाले की सह्या घेतो, दिवाळीपर्यंत मतदान लावून घेऊ." मी म्हणलं, वहिनी, दिवाळीला तुम्ही असताल का गावात? त्या गप्प झाल्या. त्यांची उचल घेऊन झालीय. पाडवा झाला की टोळी निघणार, कर्नाटकात कारखाना आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी नियम सांगतो. २००८ च्या सरकारी आदेशाप्रमाणे गावातलं परवान्याचं दुकान मतदानानं बंद करता येतं. गावातल्या महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी २५ टक्के लोकांनी लेखी मागणी करायची. उत्पादन शुल्क खातं सह्या तपासतं. मग गुप्त मतदान. कागदावर दोन चित्रं, उभी बाटली अन् आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं.

खरी गोम पुढं आहे. सरपंचाच्या इलेक्शनला जो जास्त मतं घेतो तो निवडून येतो. ह्या मतदानात तसं नाही. यादीत जेवढ्या बायांची नावं आहेत, त्याच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. झालेल्या मतदानाच्या निम्मी नाही, यादीच्या निम्मी. म्हणजे जी बाई मतदानाला आली नाही तिचं मत आपोआप उभ्या बाटलीलाच गेल्यासारखं होतं. ती कुठं आहे, का आली नाही, हे कुणी विचारत नाही.

आता आपला हिशेब करू. समजा गावात ९०० बायांची नावं आहेत. दुकान बंद करायला ४५१ मतं लागतील. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर ह्या बाजूच्या गावातून तोडीला किती जातात ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. काही तांड्यांवर दिवाळीनंतर म्हातारी माणसं, शाळेतली पोरं अन् कुत्री एवढंच राहतं. समजा ९०० पैकी ३५० बाया तोडीला गेल्या. राहिल्या ५५०. त्यात लग्न होऊन सासरी गेलेल्या पण नाव इथंच असलेल्या पोरी, पुण्याला कंपनीत नवऱ्याबरोबर गेलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या. अन् मेलेल्या पण, कारण नावं कमी करायला कोण जातंय? धरा १२० कमी झाल्या. उरल्या ४३०. म्हणजे गावात हजर असलेल्या झाडून सगळ्या बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तरी दुकान चालूच राहणार! अन् दुसऱ्या दिवशी दुकानदार चौकात सांगणार, बघा, गावालाच दुकान पाहिजे.

नियम करणाऱ्यानं वाईट हेतूनं केला असं माझं म्हणणं नाही. दहा बायांनी येऊन कुणाचंही दुकान बंद करू नये म्हणून अट कडक ठेवली असेल, ते ठीक. पण ती अट ज्या गावात बाया वर्षभर घरी असतात त्या गावाच्या मापानं शिवलीय. बीड जिल्ह्याच्या अंगाला ती बसत नाही. ज्या बाईला ह्या दुकानाचा सगळ्यात जास्त त्रास, तीच बाई सहा महिने गावात नसते.

आमदारकी-खासदारकीला हीच बाई लई महत्त्वाची असते बरं का. तेव्हा टोळ्या आणायला गाड्या जातात, मुकादमाला फोन जातात, वाटंत जेवण मिळतं. बाटलीच्या मतदानाला कोण गाडी पाठवणार?

म्हणून माझं मत असं आहे की आपल्या जिल्ह्यात हे मतदान मे ते सप्टेंबर ह्याच महिन्यात लावायचं, असं सरकारनं लिहून द्यावं. ते देईपर्यंत गावानं आपला अर्जच त्या हिशेबानं टाकावा. टोळ्या मार्च-एप्रिलला परत येतात. १ मेला ग्रामसभा असते, तिच्या आधी महिलांची सभा घ्यायचीच असते, कायद्यातच आहे ते. तिथं ठराव घ्या. मे महिन्यात लग्नसराईत सगळ्या गावात असतात, तेव्हा सह्या उरकून टाका. कागद तपासायला वेळ जातो, ऑफिसात एक साहेब रजेवर, एक साहेब मिटिंगला, हे धरून चाला. तरी पोळ्याच्या आत मतदान होऊ शकतं. पेरणी झाल्यावर अन् काढणीच्या आधी बायांना तेवढी थोडी उसंत असते.

अन् त्याच्याही आधी यादी साफ करा. मेलेल्यांची, कायमच्या गाव सोडून गेलेल्यांची नावं कमी करायला नमुना ७ असतो, बीएलओकडं द्यायचा. कंटाळवाणं काम आहे, त्यात फोटो काढण्यासारखं काही नाही. पण वरच्या हिशेबात २०० नावं खरोखर कमी झाली तर ४५१ ऐवजी ३५१ मतं लागतात. शंभर बायांच्या पाया पडण्यापेक्षा हे सोपं.

आता कुणी म्हणेल बायांनीच एवढं का मागं लागावं, पिणारा तर गडी आहे. तोडीला जाणाऱ्याला हे सांगायची गरज नाही, पण पानावर बाहेरची पण मंडळी आहेत म्हणून सांगतो. उचल एका माणसाला मिळत नाही, कोयत्याला मिळते. कोयता म्हणजे नवरा-बायको जोडी. उचल मोजून घेतो नवरा, फेडतात दोघं. त्यातली जेवढी दारूत गेली तेवढी पण बायकोच्या अंगावरच असते, कारण ऊस तोडायला अन् मोळ्या वाहायला ती अर्ध्या वाट्याची धनी. नवरा पिऊन कोपीत पडला अन् कामावर आला नाही तर खाडा लागतो, तो पण जोडीला लागतो.

पैशात सांगतो. जून २०२५ मध्ये सरकारनं दारूवरचा कर वाढवला, तेव्हा देशीच्या १८० मिलीच्या बाटलीची कमीत कमी किंमत ८० रुपये केली. तोडणीचा दर २०२४ च्या जानेवारीत ३४ टक्के वाढवून टनाला ३६६ रुपये झाला. आता रोज दोन क्वार्टर पिणारा गडी धरा. १६० रुपये. म्हणजे रोज जवळजवळ साडेचार क्विंटल ऊस निव्वळ बाटलीसाठी तोडायचा. दीडशे दिवसाचा हंगाम धरला तर २४ हजार. अन् हा पैसा येतो कुठून? बाई पहाटं उठून वाढं बांधून विकते, त्याचे रोखीचे पैसे असतात. तेच आधी जातात.

देशी दारू बनते मळीपासून. मळी येते कारखान्यातून. पुढचं तुम्हीच जोडून घ्या.

आता दुसऱ्या बाजूचं. आमच्यात एक मास्तर आहेत रिटायर, ते म्हणाले दुकान बंद करून काय होणार, पानटपरीवर दुप्पट भावानं मिळंल. त्यांचं बोलणं वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही. गुटखा बघा. २०१२ ला राज्यात बंद झाला, अन् आज कुठल्या टपरीवर मिळत नाही ते दाखवा. दारूचा कायदा पण कागदावर लई कडक आहे. देशी प्यायला परवाना लागतो, एका दिवसाचा परवाना २ रुपयाला आहे. २५ वर्षाच्या आतल्याला देशी विकता येत नाही. तुम्ही आयुष्यात कुणाच्या हातात तो २ रुपयाचा परवाना बघितलाय का? मी तर नाही बघितला. आमच्याकडं मिसरूड न फुटलेली पोरं दुकानावर दिसतात.

चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून पूर्ण दारूबंदी केली होती, बायांनीच लढून करून घेतली होती. २०२१ ला सरकारनं ती उठवली. कारण काय दिलं, तर चोरून विक्री वाढली, गुन्हे वाढले. शेजारीच गडचिरोली. तिथं १९९३ पासून बंदी आहे, ती टिकली. तिथं पण चोरून मिळत नाही असं नाही. पण तिथं २०१६ पासून मुक्तिपथ म्हणून काम चालू आहे. गावोगाव बायांच्या अन् गड्यांच्या संघटना, तालुक्याला व्यसन सोडवायचा दवाखाना, अन् गावात जाऊन उपचाराचं शिबिर. मला त्यातलं शेवटचं महत्त्वाचं वाटतं. नुसतं दुकान बंद करून तिथं थांबले नाहीत, पिणाऱ्याकडं पण गेले.

आपल्याकडं हीच बाजू लंगडी आहे. बाटली आडवी झाली की मिरवणूक निघते, गुलाल उधळतो, अन् गावात ज्या चाळीस-पन्नास गड्यांना रोज प्याल्याशिवाय हात स्थिर होत नाही, त्यांचं काय करायचं हे कुणी बोलत नाही.

हे नीट वाचा, कामाचं आहे. जो माणूस वर्षानुवर्षं रोज भरपूर पितो, त्याची दारू एका झटक्यात तोडली तर पहिल्या दिवसापासून हात थरथरायला लागतात, घाम सुटतो, झोप जाते. एक-दोन दिवसात फिट येऊ शकते. दोन-चार दिवसात काहींना नसलेली माणसं, किडे-मुंग्या दिसायला लागतात, माणूस बरळतो. गावात म्हणतात बाहेरचं लागलं, अन् देवऋष्याकडं नेतात. बाहेरचं काही नसतं, दारू तुटल्याचं असतं ते, अन् त्यात माणूस दगावू पण शकतो. अशा माणसाला सरळ दवाखान्यात न्यायचं. औषधं आहेत, अन् ती डॉक्टरच्या देखरेखीखाली आठ-दहा दिवस दिली की हा टप्पा सुखरूप निघतो. पुढचं सोडून राहणं लांबचं काम आहे, पण निदान जीव वाचतो.

दुसरं, ती "न सांगता जेवणातून द्या" वाली पावडर. बसस्टँडवर, मोबाईलवर जाहिराती असतात. घेऊ नका. त्यात काय असतं ते कुणी सांगत नाही. दारू सोडवायची एक खरी गोळी अशी आहे की ती पोटात असताना दारू घेतली तर माणसाला जोराचा त्रास होतो, छाती धडधडते, बीपी खाली जातो. ती डॉक्टर माणसाला सांगून, त्याला कबूल असेल तरच देतात. चोरून दिली अन् तो पिऊन आला तर घरात काय होईल विचार करा.

माळ घालून सुटलेली माणसं पण मी बघितलीत. पंढरपूरहून आले, तुळशीची माळ घातली, अन् वीस वर्षं शिवले नाहीत. त्याला मी नावं ठेवणार नाही. माळ घालणाऱ्याला रोज संध्याकाळी बसायला दुसरी माणसं मिळतात, हरिपाठाला जातो, ह्याचा मोठा आधार असतो. पुण्यात १९८६ ला मुक्तांगण सुरू झालं, तिथं पण औषधाइतकाच जोर माणसांनी एकमेकांशी बोलण्यावर आहे. पण रोजच्या भारी पिणाऱ्यानं माळ घालायच्या आधी दवाखाना गाठावा, एवढंच म्हणणं.

दवाखाना कुठला? आपल्याकडं बीडला जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, दोन्हीकडं मनाच्या आजाराचे डॉक्टर मिळतात. अडचण डॉक्टरची कमी अन् कॅलेंडरची जास्त आहे. माणूस सहा महिने इथं, सहा महिने सांगली-कोल्हापूर-बेळगावकडं. इथं औषध सुरू झालं तर तिकडं कोण बघणार? कोपीवर तर पिण्याला कारणच कारण. पहाटं चारला उठायचं, दिवसभर वाकून तोडायचं, रात्री-अपरात्री गाडी भरायची. अंग ठणकतं म्हणून घेतो म्हणतात, अन् ते खोटं नाही. अंग खरंच ठणकतं.

एक वाट मला दिसते. २०१९ ला आपल्या जिल्ह्यातल्या तोडणीच्या बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण निघालं. सरकारच्या समितीनं ८२ हजारांवर बायांची माहिती घेतली, त्यात १३ हजारांवर बायांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. देशभर बोंब झाली. त्यानंतर तोडीला जायच्या आधी अन् आल्यावर आरोग्य तपासणी करायची असं ठरलं. तपासणी कुठं नीट होते, कुठं नुसतं रजिस्टर भरतात, पण रस्ता तर पडलाय. त्याच तपासणीला गड्याला पण बसवा. रोज पितो का, किती पितो, सकाळी उठल्यावर लागते का, हे तीनच प्रश्न विचारा. ज्याला सकाळी लागते त्याचा उपचार जून-जुलैतच सुरू करा, म्हणजे निघायच्या आधी तीन-चार महिने मिळतात. त्याला एक कागद द्या, तिकडच्या सरकारी दवाखान्यात दाखवला की औषध चालू राहिलं पाहिजे. कारखान्यानं आपल्या तळावर आठवड्याला एक डॉक्टर आणायला काय हरकत आहे? बैल आजारी पडला तर डॉक्टर येतोच की.

पैसा नाही म्हणू नका. २०२५ ची ती करवाढ केली तेव्हा वर्षाला १४ हजार कोटी जादा मिळतील असं सरकारनंच सांगितलं होतं. त्यात आपल्या गड्यांचे पण ८०-८० रुपये आहेत. त्यातला थोडा वाटा ऊसतोड जिल्ह्यात औषधाला आला तर उपकार होणार नाहीत, आमचेच परत येतील.

आत्महत्येवर एक शब्द. मराठवाड्यात ह्या बाबतीत आपला जिल्हा पुढं आहे, ते आपल्याला पेपरात वाचावं लागत नाही. कुणी मेला की पंचनाम्याच्या वेळी कुजबुज होते, दारूडा होता. जसं काही दारूडा म्हणलं की नापिकी, सावकार अन् पोरीच्या लग्नाचं देणं पुसून गेलं. दोन्ही एकाच माणसात असतात. कर्जानं झोप जाते, झोपेसाठी पितो, प्याल्यावर विचार सुटतो अन् हात नको तिथं जातो. म्हणून फवारणीचं औषध घरात माळ्यावर ठेवू नका. शेतातल्या पेटीत ठेवा, कुलूप लावा, किल्ली दुसऱ्याकडं द्या. सरकारचा प्रेरणा प्रकल्प २०१५ पासून आपल्या जिल्ह्यात पण आहे, आशाताई घरी येऊन मनाचं विचारतात, तेव्हा "काही नाही, सगळं ठीक" म्हणून त्यांना वाटंला लावू नका. अन् टेलिमानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्री पण लागतो, मराठीत बोलतात. कोपीवरून पण लागतो. मोबाईलमध्ये "मनाचा डॉक्टर" नावानं टाकून ठेवा.

तर आमच्या गावाचं सध्या असं ठरलंय. सह्यांचा अर्ज आत्ता टाकायचा नाही. बाया जायच्या आधी नवरात्रात एक बैठक होईल, मेलेल्या अन् गेलेल्या नावांची यादी करून बीएलओकडं देणार. ज्या घरात रोजचा पिणारा आहे अन् ज्याची तयारी आहे, अशी सहा नावं बायांनीच काढलीत. त्यातले चौघं घटस्थापनेच्या आधी अंबाजोगाईला यायला कबूल झालेत. दोघं अजून उद्या-परवा करतायत. गाडी माझ्या पुतण्याची आहे, डिझेल वर्गणीतून. अर्ज १ मेच्या सभेनंतर.

तुमच्या गावात असं मतदान झालं असेल तर कुठल्या महिन्यात झालं, यादीत बाया किती होत्या अन् आडव्या बाटलीला किती मतं पडली, एवढे तीन आकडे मला कळवा. दहा-पंधरा गावांचे जमले की एक कागद तयार करतो अन् कलेक्टर साहेबांकडं घेऊन जातो. यायचं असेल त्यानं सांगा.